बारावा खण

"माझ्या नवऱ्याची क्रियापदं चोरीला गेलीत," काकू म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

सूनबाईंनी पेनचं टोपण काढलं. शेजारच्या सोफ्यावर त्यांचे सासरे बिस्किटांचा डबा उघडून आत बघत होते. डबा रिकामा होता. त्यांनी तो बंद केला, जरा थांबले आणि पुन्हा उघडला. अजूनही रिकामाच होता.

"किती क्रियापदं?" सूनबाईंनी विचारलं.

"खणभर. बारावा खण, ठासून भरलेला."

"मौल्यवान असतील ना?" सासरे म्हणाले.

"ह्यांना विचाराल तर जीव की प्राण. माझ्या मते नुसती धूळ. पण माणूस कालपासून जेवला नाही हो. ताटावर बसतात, घास उचलतात, 'बारावा' म्हणतात आणि खाली ठेवतात."

खाजगी तपासाचा धंदा सूनबाईंचा होता. सासरे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आणि घरात बसून सासूबाईंना भाजी चिरण्याचे सिद्धांत सांगू लागले, तेव्हा सासूबाईंनीच त्यांना सुनेच्या हवाली केलं. तेव्हापासून ते प्रत्येक तपासाला येतात. चारचौघांत मोठ्यानं 'सूनबाई' अशी हाक मारतात, त्यामुळे आता पोलीसही त्यांना सूनबाईच म्हणतात.

"तुमचे यजमान काय करतात?"

"एक भाषा आहे. ती कुणी बोलत नाही, कधी कुणी लिहिलीही नाही. ह्यांनी तिची क्रियापदं चालवायची."

"आणि पगार मिळतो?" सासऱ्यांनी आदरानं विचारलं.

काकूंनी तो प्रश्न तसाच जाऊ दिला. "मला खणाचं काही नाही. त्यांची शिष्या आहे एक. ह्यांच्या संस्थेचे संचालक म्हणतात, तिनंच चोरला. आज संध्याकाळच्या मीटिंगमध्ये तिला काढणार, आणि काढलं की तिचा प्रबंधही गेला. पाच वर्षं ती पोर आमच्या घरी जेवतेय. एक चमचा इकडचा तिकडे झाला नाही. उलट तिनं आणलेल्या डब्यांमुळे आमचे चमचे वाढलेत. अशी मुलगी चोरी करेल?"

"म्हणजे तुम्हाला खण नको, मुलगी हवी."

"मुलगी हवी. खण मिळाला तर मिळाला."

सूनबाईंनी टोपण लावलं. "चला, बाबा."

"कोण चोर आहे ते कळलं?"

"कपाट बघायला चला."

*

काकूंच्या यजमानांना सगळे सर म्हणत. संस्थेतली सरांची खोली नुकतीच रंगवली होती. भिंती इतक्या पांढऱ्या होत्या की आतलं सगळं सामान गुन्हेगार वाटत होतं. सर खिडकीशी उभे होते. उंच, वाकलेले, एका पायात मोजा.

"हे कपाट," ते म्हणाले. आवाज मयताच्या घरी असतो तसा.

कपाट एका बंद पडलेल्या औषधांच्या दुकानातून आलेलं होतं. खणांच्या चार ओळी, एका ओळीत तीन. प्रत्येक खणाला पितळी गोल मूठ आणि मुठीखाली सरांच्या हातचा आकडा लिहिलेली कागदी पट्टी. एक ते अकरा. उजवीकडे सगळ्यात खाली काळा चौकोन. दात पडल्यासारखा.

"परवा रंगारी आले. कपाट मधोमध ओढलं, भिंत रंगवली, परत लावलं. खोलीची किल्ली शिष्येकडे होती. काल सकाळी मी येतो तर हे."

"आत काय होतं?"

"सगळं!" सर म्हणाले. "जे कुठेच बसत नाही ते सगळं."

"आधी जे बसतं ते सांगा," सूनबाई म्हणाल्या. "बाबांना कळेल असं."

सरांनी सासऱ्यांकडे पाहिलं, मनात काहीतरी सोपं केलं आणि पहिला खण ओढला. चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिसला, पाठोपाठ सासऱ्यांना शिंक आली.

"माफ करा. औषधांची पूड लाकडात मुरली आहे. कुठलाही खण उघडा, नवा माणूस शिंकतोच. हं. संस्कृतात आपण म्हणतो अस्ति. ग्रीकमध्ये एस्ती. लॅटिनमध्ये एस्त. अर्थ एकच, 'आहे'. तिन्ही बहिणी. मग आई काय म्हणत असेल? आईनं तर काही लिहून ठेवलं नाही. तेव्हा मुलींवरून आई उभी करायची. मी-साठी मि, तू-साठी सि, तो-साठी ति."

"आणि हा तारा?" सासऱ्यांनी एका चिठ्ठीवर बोट ठेवलं. "हॉटेलांना असतो तसला?"

"उलटा. आमच्यात तारा म्हणजे ही वस्तू कुणी पाहिलेली नाही. लिहिलेली सापडलेली नाही, फक्त तर्कानं उभी केली आहे. शब्दाच्या आधी तारा टाकायला विसरणं हे आमच्यात पाप."

सर खण उघडत गेले आणि सासरे शिंकत गेले. वर्तमानकाळ, शिंक. आज्ञार्थ, शिंक. आत्मनेपदाला दोन शिंका आल्या.

"आता गंमत बघा," सरांचा आवाज प्रथमच जिवंत झाला. त्यांनी अकरावा खण उघडला. "झालेल्या गोष्टीचं रूप करताना आईला पहिलं अक्षर दोनदा म्हणायची खोड होती. पडणे, पपात. पाहणे, ददर्श. ग्रीकांकडेही तीच खोड. पण एक क्रियापद हट्टी आहे. वेद. म्हणजे 'जाणतो'. मुळात 'पाहिलंय, म्हणून जाणतो'. इथे दुप्पट नाही! आणि ग्रीकांकडेही त्याच क्रियापदात नाही, ओइदा. आता सांगा, खरं जुनं कोणतं?"

"बहुमत ज्याचं ते," सासरे नाक पुसत म्हणाले.

"चूक! नियमात बसणारं रूप कुणीही, कधीही नव्यानं पाडू शकतं. मुलंसुद्धा पाडतात. एकाचं बघून दुसरा घेतो. पण जे विचित्र आहे, कुणाच्याच सोयीचं नाही, तरी टिकून राहिलंय, ते जुनं. ते कुणी मुद्दाम कशाला बनवेल?"

सूनबाईंनी पेनचं टोपण काढून ते लिहून घेतलं. "हे चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

सर आनंदले. मग त्यांची नजर काळ्या चौकोनावर गेली आणि ते पुन्हा वाकले. "त्याचं पुढचं सगळं बाराव्यात. बाकीच्या खणांमध्ये बघा, जागोजागी माझ्या हातचं लिहिलंय, 'बारावा खण पाहा'. तो ठासून भरलेला होता."

"त्यातली एखादी चिठ्ठी आठवते?"

"आठवत असती तर लिहून कशाला ठेवली असती?"

हे बिनतोड होतं. सूनबाईंनी सासऱ्यांना टॉर्च दिला. सासऱ्यांनी गुडघे टेकले, डोकं जमेल तेवढं चौकोनात घातलं आणि एक दीर्घ श्वास घेतला.

"काय दिसतं, बाबा?"

"अंधार. आणि एक जाडजूड लाकूड."

"कपाट आहे, लाकूड असणारच," सर म्हणाले.

सासरे बाहेर आले. ताजेतवाने. मग सूनबाईंनी हात घातला. तो मनगटाच्या जरा वर गेला आणि थांबला.

"आई गं!"

बोटात काट्यासारखी कूस गेली होती. सासऱ्यांनी खिशातून टाचणी काढली, चष्मा कपाळावर नेला आणि कूस उपटली. ती त्यांनी उजेडात धरली. चांगली पांढरी, ताजी लाकडाची कूस होती.

"जपून ठेवू का? पुरावा?"

"ठेवा," सूनबाई बोट चोखत म्हणाल्या.

सासऱ्यांनी कूस चष्म्याच्या घरात ठेवली आणि पुढे तासभर चष्मा डोळ्याला टोचतो म्हणून तक्रार केली.

*

शिष्या जिन्यात बसली होती. मांडीवर प्रबंधाचं बाड होतं आणि ती ते असं धरून बसली होती, जणू कुणी तान्हं मूल काढून घ्यायला येणार आहे.

"मी नाही चोरला."

"कपाट तुमच्यासमोर हलवलं?"

"हो. रंगाऱ्यांनी ओढलं. जाम जड. एकदा कड्कन आवाज झाला, मला वाटलं पाय मोडला. संध्याकाळी परत भिंतीला लावलं तेव्हा अंधार झाला होता. मी कुलूप घातलं, घरी गेले. तेव्हा खण होता की नव्हता, देवाशप्पथ आठवत नाही."

"संचालक म्हणतात, तुमच्याकडे कारण होतं."

तिनं बाडावरून हात फिरवला. "माझ्या प्रबंधात मी म्हटलंय की सरांच्या बाराव्या खणातल्या अडचणी फारशा अडचणी नाहीत. म्हणजे सरांचं चुकलं. म्हणून मी पुरावा पळवला म्हणे. अहो, पळवून माझंच नुकसान! मला तो खण खोडून काढायचा होता. आता काय खोडू?"

"खण कसा होता?"

"ठासून भरलेला. अलगद उघडायचा, आवाजही व्हायचा नाही."

"उघडताना पाहिलाय?"

"म्हणजे... मला हात लावायची परवानगी नव्हती. माझ्या आधीच्या शिष्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, बाराव्याला हात लावायचा नाही, तो सर स्वतः बघतात."

"पोरी," सासरे कळवळून म्हणाले, "तू चोरला असशील तर आम्हाला सांग, आम्ही कुणाला सांगणार नाही."

"बाबा!"

"मी आपलं मदत म्हणून."

*

शेजारच्या खोलीत सरांचे सहकारी बसत. त्यांना सगळे विरोधक म्हणत, कारण गेली वीस वर्षं ते सरांच्या प्रत्येक मताला विरोध करत आले होते. क्रियापदांपासून ते खिडकी उघडी ठेवावी की बंद इथपर्यंत. सरांना ताप आला तेव्हा त्यांनी थर्मामीटरलाही विरोध केला होता.

"मी चोरेन?" ते म्हणाले. "त्यांचा पुरावा गेला तर मी विरोध कशाला करू? माझा सगळा धंदा त्या खणावर चाललाय."

"खण पाहिलात?"

"पाहायचा कशाला? भिंतीपलीकडून ऐकलाय. उघडला की करकरायचा. ठासून भरलेला असला की लाकूड करकरतंच."

"शिष्या म्हणते आवाज व्हायचा नाही."

"मग तिच्या मताला माझा विरोध आहे."

सासऱ्यांनी खुर्ची पुढे ओढली. सकाळपासून त्यांना एक गोष्ट छळत होती. "साहेब, जी भाषा कुणी ऐकलीच नाही, तिच्यात काय होतं ते तुम्हाला कळतं कसं?"

विरोधकांचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्यांना घरात कुणी विचारत नसावं.

"रिकाम्या जागेवरून! ऐका. जुन्या क्रियापदांमध्ये काही स्वर उगीच लांब व्हायचे, उगीच रंग बदलायचे. तेव्हा आमच्यातला एक शहाणा म्हणाला, इथे शेजारी काहीतरी आवाज होते, ते गळून गेलेत. लोक हसले. न ऐकलेले आवाज! पुढे मातीच्या पाट्यांवर कोरलेली एक जुनी भाषा सापडली, हित्ती. आणि तिच्यात त्यातल्या काही जागांवर खरोखर खरखरीत 'ह' सारखा आवाज निघाला. तेव्हापासून आम्हाला कुठे भोक दिसलं की आम्ही विचारतो, इथून काय गळालं? सवयच लागली आहे. परवा घरी भिंतीला भोक दिसलं. मी बायकोला म्हटलं, इथे खुंटी होती. ती म्हणाली, उंदीर आहे."

"कोण बरोबर निघालं?" सूनबाईंनी विचारलं.

"उंदीर," विरोधक म्हणाले.

*

ग्रंथालयात शांतता होती आणि चहाचा वास होता. ग्रंथपाल ठेंगणे, गोल, सावकाश. कोपऱ्यातल्या शेगडीवर पाण्याचं पातेलं होतं.

"मीटिंगआधी चहा घ्या. मीटिंगनंतर कुणाला घ्यावासा वाटणार नाही." त्यांनी पातेल्यावरचं झाकण उचललं.

पातेलं गोल होतं, झाकण चौकोनी. सासऱ्यांना ते फार आवडलं. जाड लाकूड, मध्ये चकचकीत पितळी मूठ, मुठीखाली वाफेनं फुगलेल्या लाकडावर एक फिकट लांबट डाग.

"काय ऐटबाज आहे हो! आमच्याकडे साध्या ताटल्या झाकतात. कुठे मिळालं?"

"मिळालं असं नाही, पॅसेजमध्ये चिंध्यांच्या ढिगात पडलं होतं. आमचं झाकण कधीचं हरवलेलं. चौकोनी आहे, पण चार कोपरे बाहेर राहिले तर कुणाचं काय जातं?"

सूनबाईंनी चहाचा घोट घेतला. तो त्यांनी बराच वेळ गिळला नाही.

"बारावा खण तुम्ही कधी पाहिला होतात?"

ग्रंथपाल ओशाळले. "खरं सांगू? एकदा. बरीच वर्षं झाली. सर जेवायला गेले होते, मला खोडरबर हवा होता. बाकीच्या खणांत नव्हता. बारावा ओढला, तर येईना. दोन्ही हातांनी ओढला, कपाट जाग्यावरून हललं, खण ढिम्म. म्हटलं, कुलूप असेल."

"त्या कपाटाला कुलपं आहेत?"

"नाहीत ना! तेच तर. मला कधी कळलंच नाही. पण खोडरबरासाठी कोण डोकं शिणवतं?"

"बाबा," सूनबाई एकदम उठल्या, "चहा संपवा. आणि काका, तुम्ही मीटिंगला या. येताना झाकण आणा."

"पाणी उघडं राहील."

"राहू दे."

जिन्यात सासऱ्यांनी सूनबाईंना गाठलं. "मला एक गोष्ट कळत नाही. खण करकरायचा, का नव्हता करकरत? अलगद उघडायचा, का उघडतच नव्हता? एकाच खणाबद्दल बोलतायत ना हे सगळे?"

"तुम्हाला सगळं कळलंय, बाबा," सूनबाई म्हणाल्या. "फक्त तुम्हाला ते माहीत नाही."

सासऱ्यांना यात अपमान झाला की कौतुक, हेही कळलं नाही.

*

मीटिंग सरांच्या खोलीतच भरली. संचालक घड्याळाकडे बघत आले. त्यांना सगळं थोडक्यात लागे. लग्नही त्यांनी म्हणे थोडक्यात केलं होतं. हातात शिष्येला काढून टाकल्याचा कागद होता, सहीपुरती जागा सोडून.

काकू शिष्येचा हात धरून बसल्या. विरोधक खिडकीशी. खिडकी उघडी होती, म्हणून ते अस्वस्थ होते.

"थोडक्यात," संचालक म्हणाले, "कुणी चोरला?"

"कुणीच नाही," सूनबाई म्हणाल्या. "तो खण चोरणं कुणालाही शक्य नव्हतं, कारण तो खण नव्हताच."

सासऱ्यांनी आजूबाजूला पाहिलं. इतरांनाही कळलेलं नाही हे बघून त्यांना बरं वाटलं.

"नव्हता म्हणजे?" सर म्हणाले. "अहो, तिथे भोक आहे!"

"भोक आहे. तेवढंच आहे. सर, सकाळी तुम्ही मला एक रीत शिकवलीत. सगळे एकच सांगतात तेव्हा तपासायचं, की एकानं दुसऱ्याचं घेतलंय का. काकू म्हणाल्या, ठासून भरलेला. शिष्या म्हणाली, ठासून भरलेला. विरोधकांचंही तेच, आणि त्यांनी तर खण पाहिलेलाच नाही. तेच शब्द, तोच क्रम. या साक्षी नाहीत, या बहिणी आहेत. यांची आई कोण? तर सरांचं बोलणं. तुम्ही वर्गात, घरात, भांडणात हेच म्हणत आलात."

"पण आवाजाबद्दल त्यांचं जमत नाही," शिष्या हळूच म्हणाली.

"कारण आवाजाबद्दल सर कधी काही बोलले नव्हते. तिथे ज्यानं त्यानं आपल्या मनानं भर घातली. तुम्हाला सर हळुवार वाटतात, तुमच्या खणाला आवाज नव्हता. विरोधकांना सर करकरे वाटतात."

"वाटतात नव्हे, आहेत," विरोधक म्हणाले.

"एकच साक्ष वेगळी होती. कुणाशीच न जुळणारी, कुणाच्याच सोयीची नसलेली. ग्रंथपाल म्हणाले, खण ओढला, निघाला नाही, आणि कुलूपही नाही. असलं काही कुणी मुद्दाम कशाला बनवेल? ते जुनं. ते खरं. इथून मी उलट निघाले."

सूनबाई कपाटाशी गेल्या आणि सातवा खण पूर्ण बाहेर काढला. सासरे शिंकले. सूनबाईंनी शिष्येला आत हात घालायला सांगितलं. तिचा हात कोपराच्याही पुढे गेला.

"लाकूड कसं लागतं?"

"गुळगुळीत. दोन्ही बाजूंना पट्ट्या आहेत, खण सरकायला."

"आता बाराव्यात. जपून."

हात मनगटापाशी थांबला. शिष्येनं चमकून वर पाहिलं. "पट्ट्या नाहीत! आणि पुढे... हा आडवा दांडा आहे. तिरका."

"कपाटाचा सगळा भार त्या दांड्यावर आहे. तिथे खण बसूच शकत नाही. सुतारानं अकरा खण केले आणि बाराव्या जागी शोभेसाठी नुसती फळी ठोकली, इतरांसारखीच मूठ लावून. रोज खण सरकत असता तर ते लाकूड घासून मऊ झालं असतं. मला कूस लागली. बाबा?"

सासऱ्यांनी चष्म्याचं घर उघडलं आणि कूस काढून दाखवली. आता कुठे त्यांना चष्मा का टोचतो ते कळलं.

"आणि बाबा प्रत्येक खणाला शिंकले. बाराव्यात डोकं घालून खोल श्वास घेतला, तरी शिंकले नाहीत. दुकानदारानं तिथे कधी औषध ठेवलंच नव्हतं. ठेवणार कुठे?"

"मी शिंकलो नाही," सासरे अभिमानानं म्हणाले. मग त्यांना वाटलं, यात आपलं कर्तृत्व काय?

"परवा कपाट ओढताना कड्कन आवाज झाला. जुने खिळे सुटले, फळी पडली. रंगाऱ्यांनी ती चिंध्यांबरोबर पॅसेजमध्ये टाकली. काका, झाकण."

ग्रंथपालांनी झाकण पुढे केलं. अजून कोमट होतं. सूनबाईंनी ते पुसलं, काळ्या चौकोनावर धरलं आणि तळव्यानं दाबलं. वाफेनं जरा फुगलं होतं, पण टक् करून बसलं. बाराही मुठी आपापल्या ओळीत चमकल्या. मुठीखालचा फिकट डाग इतर खणांवर आकडा होता नेमक्या त्या जागी होता.

"माझी पट्टी," सर पुटपुटले.

"मला वाटलं, बेवारस आहे," ग्रंथपाल म्हणाले.

संचालकांनी कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. "थोडक्यात, अकरा खणांमध्ये 'बारावा पाहा' असं लिहिलंय त्याचं काय? ते काय हवेत पाहायचं?"

"अक्षर सरांचं आहे," सूनबाई म्हणाल्या. "बाराव्यातली चिठ्ठी इथे कुणी, एकदा तरी, डोळ्यांनी पाहिलीय?"

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं.

"सर, तुम्ही?"

"मी... अडचण आली की तिथे 'बारावा पाहा' लिहायचो. बाराव्याचं सावकाश करू, शेवटी करू. नंतर पाहिलं तर लिहिलेलं असायचंच, म्हणून वाटायचं की करून झालंय. शिष्य लावत असतील चिठ्ठ्या."

"आणि शिष्यांना वाटायचं, सर लावतात," शिष्या म्हणाली.

"आणि फळी पडल्यावर भोक दिसलं," सूनबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात लोकांनी विचारलं असतं, ही फळी कुठे पडली? तुम्ही विचारलंत, इथून काय गेलं? कुणी आत हातसुद्धा घातला नाही. सर, तुमच्या त्या आईच्या भाषेत जाणायला आधी पाहावं लागायचं ना? इथे सगळे जाणत होते. पाहिलं कुणीच नव्हतं."

सर हळूहळू खुर्चीत बसले. मोजा नसलेला पाय त्यांनी दुसऱ्याखाली लपवला.

"म्हणजे इतकी वर्षं माझ्या सगळ्या शंका एका फळीमागे होत्या."

"त्यात काय नवीन?" काकू म्हणाल्या. "माझा स्वयंपाकघरातला नळ लग्नापासून बाराव्या खणातच आहे. 'बघतो' म्हणतात." पण बोलता बोलता त्यांनी उठून सरांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

संचालकांनी शिष्येला काढण्याचा कागद सावकाश फाडला. "थोडक्यात, काय झालं ते मला कळलेलं नाही. पण ही राहते."

शिष्येनं हाताच्या पाठीनं डोळे पुसले. मग तिनं बाड उघडलं, मिटलं. "सर, माझा प्रबंध बाराव्या खणाला खोडून काढणारा होता."

"खोडायला आधी तो असावा लागतो," सर म्हणाले.

"मग करूया की. अकरा खणांमधले सगळे 'पाहा' काढायचे. प्रत्येकाच्या आजूबाजूला काय अडलंय ते आहेच लिहिलेलं. त्यावरून बाराव्यात काय असायला हवं होतं, ते उभं करता येईल."

सरांनी मान वर केली. काल सकाळपासून वाकलेला माणूस इंचाइंचानं सरळ होताना सगळ्यांनी पाहिला.

"मुलींवरून आई," ते म्हणाले.

"मी मदत करतो," विरोधक म्हणाले, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन घाईनं पुढे म्हणाले, "निष्कर्षाला मात्र माझा विरोध राहील."

सरांनी टेबलावरच्या कागदाची पट्टी कापली. बारा लिहिलं. फळीजवळ नेली, थांबले, परत टेबलाशी आले आणि आकड्याच्या आधी नीट, जपून, एक तारा काढला. मग ती चिकटवली.

"काकू," ते बायकोला म्हणाले. आयुष्यात प्रथमच बायकोला काकू म्हटल्याचं त्यांच्या लक्षात आलं नाही. "भूक लागली आहे."

ग्रंथपाल अजून रिकामे हात पुढे धरून उभे होते. "ते सगळं ठीक आहे हो. पण पाण्यावर काय झाकू?"

*

घरी आल्यावर सासरे सोफ्यावर बसले आणि त्यांनी बिस्किटांचा डबा उघडला.

"सूनबाई, काल यात बिस्किटं होती. मला पक्कं माहीत आहे."

"पाहिली होतीत?"

सासऱ्यांनी डबा कानाशी नेऊन हलवला. सासूबाई दारात येऊन ऐकत होत्या. त्यांच्या पदराला कसलासा चुरा लागला होता.

"डबा आहे म्हणजे बिस्किटं असणारच," सासरे शेवटी म्हणाले.

त्यांनी सुनेचं पेन घेतलं, जीभ किंचित बाहेर काढली आणि झाकणावर मोठा तारा काढला. मग डबा पुन्हा उघडून पाहिला.